मशेरीची दहा मिनिटं

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

एकशे सत्त्याऐंशी! आणखी तेरा झाले की दोनशे पुरे. मग आपल्या स्टडीला बाहेरही कुणीतरी विचारेल, असं धवल सर म्हणतात. ‘आपल्या’ म्हणतात ते बरं वाटतं. पेशंट तपासतात ते, गोळ्या लिहितात ते. मी खाटेशेजारी स्टूल ओढून बसते आणि फॉर्म भरते. मेंदूच्या नसेत गुठळी अडकून माणूस आमच्या वॉर्डात आला की दुसऱ्या दिवशी मी हजर. वय, बीपी, साखर, ठोके, कोलेस्टेरॉल, आधी कधी झटका आला होता का. पंधरा वर्षं रेकॉर्ड रूममध्ये फायली लावल्या, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. निदान माणसं बोलतात.

आजची बाई भांडुपची, साठीची. सून म्हणाली, "अंगावरून वारं गेलं." वारं कशाने गेलं ते शोधायचं, हेच तर काम. बीपीची गोळी चार महिने बंद. का? "बीपी नॉर्मल आलेली ना, मग कशाला?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा वेगळा रकाना छापून घ्यायला हवा. मग रकाना चौदा — तंबाखू, सिगारेट, गुटखा? सुनेने माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. "नाही हो! चांगल्या घरातल्या आहेत त्या." टिक केली. नाही.

रविवार, १२ जानेवारी

आज मशेरी भाजायचा रविवार. मार्केटातून पानं मी आणायची, भाजायची आईंनी, हा सासू-सुनेचा जुना करार. सगळ्या खिडक्या उघडून, जुन्या लोखंडी तव्यावर पानं काळी होईस्तोवर. मग चुरायची, वस्त्रगाळ करायची, पितळेच्या डबीत भरायची. दात घासायला महिन्याची बेगमी. धूर असा की अख्खं घर खोकतं. ऋता नाकाला टॉवेल लावून फिरत होती. "आजी, यार, कॉलेजात मला वाटतं सगळे वास घेतात." हर्षद पेपरामागून म्हणाला, "आई, सोसायटीची नोटीस येणार आहे हां एक दिवस."

आई ऐकतात थोड्याच. "तुमची ती पेस्ट म्हणजे साबण. माका बाहत्तर झाली, दात सत्तावीस असत. बघ मोजून." आणि खरंच आ करून दाखवला! सासरे गिरणीतून रिटायर होऊन कांजूरला घर घेतलं, त्याला तीस वर्षं झाली. तरी आईंच्या तोंडचं मालवण काही हललेलं नाही.

डबी हल्ली महिनाभर पुरत नाही. पंधरा दिवसांत तळ दिसतो. आई त्यावर काही बोलत नाहीत.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळाचे लाडू दगड झाले. आई म्हणाल्या, "असू दे गो, दात असत माझे."

शुक्रवार, १७ जानेवारी

आज सकाळी वाटलं, ही दहा मिनिटं कुठेतरी लिहून ठेवावीत.

साडेपाचला मागच्या गॅलरीत आई स्टुलावर बसतात आणि मी वॉशिंग मशीनला टेकून. हर्षद नि ऋता सातपर्यंत उठत नाहीत. तोंडात मशेरी असली की बोलता येत नाही, म्हणून आईंच्या खुणा. अंगठा हनुवटीला — चहा ठेव. दोन बोटं कपाळावर — ऋताला उठव, परीक्षा आहे तिची. कानाची पाळी धरली — हर्षदचं काहीतरी चुकलंय, नंतर सांगते. आणि शेवटी तळहात पालथा — झालं, आता चूळ. एकवीस वर्षांत आम्ही स्वयंपाकघरात भांडलो, देवळात भांडलो, एकदा तर लग्नाच्या पंगतीत भांडलो. या दहा मिनिटांत कधी नाही. बोलायचंच नाही म्हटल्यावर भांडणार कशा?

मला माझी आई फारशी आठवत नाही. आईपण म्हणजे काय ते मला या दहा मिनिटांतच कळलं. त्यांना हे कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणतील, "चाय ठेव आधी."

बुधवार, २२ जानेवारी

दुपारचे दोन. आमच्याच वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेय. लिहिलं नाही तर डोकं फिरेल.

सकाळी नेहमीसारख्या गॅलरीत. आईंच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून काळी लाळ ओघळली. त्यांनी पुसली नाही. मला वाटलं, वय झालं. मी बाहेर बघत राहिले, समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी चादर झटकत होतं. मग तळहात पालथा व्हायची वेळ झाली आणि झाला नाही. वळून बघितलं. उजवा हात मांडीवर पडलेला. डावा हात अर्धा वर, बोटं उघडी, काय सांगायचं होतं तेच विसरल्यासारखी.

बोलणं गेलं होतं. आणि मला कळलंच नाही, कारण त्या वेळी त्या कधी बोलतच नाहीत. दुसरी कुठलीही वेळ असती, चहा पिताना, भाजी निवडताना, तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं. दहा-बारा मिनिटं मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते! मी! जी दर आठवड्याला लोकांना सांगते — तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं की आधी घड्याळ बघा.

बोटाने त्यांचं तोंड साफ केलं. हर्षदने त्यांना उचलून खाली नेलं. रिक्षा थेट मुलुंडपर्यंत. तिथे पहिला प्रश्न, "शेवटचं ठीक कधी बघितलं?" मी म्हटलं, "साडेपाचला. स्वतः चालत गॅलरीत आल्या." बीपी दोनशे चार. ते खाली आणलं, मग स्कॅन, रक्तस्राव नाही, मग गुठळी विरघळवायचं इंजेक्शन. सात पस्तीस. साडेचार तासांची मुदत असते, आम्ही दोन तास पाच मिनिटांत बसवलं. धवल सर पाठीवर हात ठेवून म्हणाले, "क्षमाताई, वेळेत आणलंत."

गुरुवार, २३ जानेवारी

उजवा पाय थोडा हलतो. हात नाही. बोलणं नाही.

फॉर्म क्रमांक एकशे नव्वद. सर म्हणाले, दुसरं कुणी भरेल. मी म्हटलं, नको, मीच भरते. नाव: वनमाला. वय: बाहत्तर. ठोके: अनियमित, ते काल ईसीजीच्या पट्टीवर दिसलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त नीट पुढे जात नाही, साचतं, गुठळी धरते आणि सुटली की वर मेंदूत. कधीपासून कोण जाणे! आई म्हणायच्या, "छातीत कबुतर फडफडता." आम्ही हसायचो.

बीपीची गोळी: हर्षद म्हणाला, "रेग्युलर घेते हो, मी स्वतः आणून देतो." त्याच वेळी ऋता घरून आईंची पिशवी घेऊन आली. पिशवीत कागदाची पुडी आणि पुडीत अर्ध्या-अर्ध्या गोळ्या. चाळीसेक असतील. आईंचं नेहमीचं — "अर्ध्यान भागता तर आख्खा कित्याक?" लिंबू असो, साबण असो. गोळीही त्यातच गेली. दोनशे घरांतल्या गोळ्या मी विचारते आणि माझ्या घरातल्या विचारल्या नाहीत.

रकाना चौदा. हर्षद म्हणाला, "छे! आई आणि तंबाखू?" टिक केली. नाही.

दोन दिवस डोकं फुटतंय. हात कापतात. झोप नाही म्हणून असेल.

शुक्रवार, २४ जानेवारी

आंघोळीला घरी जाऊन आले. अर्धा तासच, पण डोकेदुखी उतरली.

शनिवार, २५ जानेवारी

स्पीच थेरपीवाली चेतना आली. तरुण आहे, हसरी आहे. कार्डं दाखवत होती — पाणी, चादर, संडास. आई कार्डांकडे बघेचनात. चिडून मान फिरवली. मग डाव्या हाताचा अंगठा हनुवटीला.

"चहा हवाय त्यांना," मी म्हटलं. चेतना चहा घेऊन आली आणि आईंच्या डोळ्यांतून पाणीच आलं. मग दोन बोटं कपाळावर. मी म्हटलं, "ऋता कॉलेजला गेली आई, दुपारी येईल." आई शांत झाल्या. चार दिवसांत पहिल्यांदा.

चेतना बघतच राहिली. "तुम्हाला हे कसं येतं? आम्हाला महिना लागतो अशा खुणा बसवायला." मी म्हटलं, सवय आहे, सकाळी तोंडात मशेरी असते ना. ती म्हणाली, "मशेरी? म्हणजे तंबाखू ना?"

अगदी सहज म्हणाली. वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली.

आम्ही पानं म्हणतो. दुकानदार पानं म्हणतो. एकवीस वर्षं मी ती आणते. कसली पानं? वडाची?

सोमवार, २७ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत गठ्ठा काढून बसले. एकशे नव्वदपैकी अठ्ठ्याहत्तर बायका. रकाना चौदाला ‘होय’ — चार. बाकी चौऱ्याहत्तर ‘नाही’. भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर, गोवंडी. निम्म्या बायकांची माहेरं मला ठाऊक आहेत, त्यांच्या मोऱ्यांत मशेरीची डबी कुठल्या कोनाड्यात असते तेही सांगेन. खोटं एकीनेही सांगितलेलं नाही. तंबाखू पुरुष खातात. बायका दात घासतात. मी विचारलं तंबाखूचं, त्यांनी उत्तर दिलं तंबाखूचं.

दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर ठीक. मला कळायला हवं होतं.

मंगळवार, २८ जानेवारी

सरांना सांगितलं नाही. राऊंड लांबला. खरं म्हणजे राऊंड लांबला नव्हता.

शनिवार, १ फेब्रुवारी

आई घरी. लिफ्टमधून व्हीलचेअर जाईना, हर्षदने पुन्हा उचलून घेतलं. खाटेशेजारी बसून त्याने सूचनांचा कागद मोठ्याने वाचला. रक्त पातळ ठेवायची गोळी सकाळी नऊ, रात्री नऊ, एकही चुकवायची नाही. बीपीची आख्खी गोळी. मीठ कमी, सुकी मासळी बंद. दुसरा झटका येण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत जास्त. मग म्हणाला, "तंबाखू पूर्ण बंद — हे आपल्याला लागू नाही."

मी म्हटलं, "लागू आहे." आणि सांगितलं.

तो म्हणाला, "मशेरी? अगं, ती तर दात घासायला." मग उठला, पितळेची डबी घेतली आणि थेट कचऱ्यात. आईंच्या लग्नातली डबी ती. आई बघत होत्या. तो गेल्यावर मी काढली, रिकामी केली, चिंचेने घासून त्यांच्या उशाशी ठेवली. त्यांनी तिच्यावर डावा हात ठेवला आणि झोपल्या.

बुधवार, ५ फेब्रुवारी

घरात रोज साडेपाचला युद्ध. आई डावी तर्जनी दातांवर घासून दाखवतात — द्या. मी नाही म्हणते. चमचा फेकतात. काल वाटी फेकली. मला रडू येतं. ज्या बाईने माझ्या बाळंतपणात मला चाळीस दिवस खाटेवरून उतरू दिलं नाही, तिला मी एक चिमूट देत नाही!

आज मी गॅलरीत होते तेव्हा त्यांनी चमच्याने खाट वाजवली. मी दारातूनच खूण केली, दोन मिनिटं, येते. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग मान फिरवली.

संध्याकाळी मार्केटातून पानांचा पुडा घेऊन आले. पाय आपोआप वळले. दुकानदार म्हणाला, "म्हातारीला बरं आहे ना मग?" हो म्हटलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

सांगितलं.

धवल सर लॅपटॉप मिटून ऐकत होते. ते ओरडत नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटतं. "क्षमाताई, तुमच्या घरात रोज डोळ्यांसमोर होतं आणि चौदा महिन्यांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही?" मी म्हटलं, नाही वाटलं. खरं तेच आहे. "मार्चमध्ये पेपर पाठवायचा होता." ठाऊक आहे. माझं कॉन्ट्रॅक्टही मार्चमध्येच संपतं.

मी म्हटलं, एकेकीला फोन करते. ते म्हणाले, "फोनवर खरं सांगतील?" मी म्हटलं, मला सांगतील.

जाताना थांबवलं. "एक लक्षात ठेवा. मशेरीनेच झालं असं मी म्हणणार नाही. तुमच्या आईंचे ठोके, बीपी, अर्ध्या गोळ्या, सगळंच आहे त्यात. पण विचारलंच नाही तर कधी कळणारही नाही." आईंच्या अर्ध्या गोळ्या सगळ्या डिपार्टमेंटला पाठ झाल्यात!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

युक्ती सापडली. तंबाखूचं नावच काढायचं नाही. विचारायचं — "दात कशाने घासता मावशी?"

आणि बायका सुटतात! "पेस्टने माझं भागत नाय बाय." "आमच्या सासूने लावली सवय, ती गेली, सवय राहिली." "सकाळी एकदा, जेवण झाल्यावर एकदा, आणि मुलगा ओरडला की एकदा." कांदिवलीला लेकीकडे राहायला गेलेली एक म्हणाली, "लेकीच्या घरी चोरून लावते. जावई काय म्हणेल?" आज अकरा जणी. सात जणी लावणाऱ्या.

एका घरी फोन नवऱ्याने उचलला. म्हणाला, कुंदा गेली, दिवाळीच्या आधी. मग म्हणाला, "तुम्ही विचारताय म्हणून सांगतो, डबी अजून मोरीतच आहे. काढवत नाही." पुढचा फोन लगेच लावता आला नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आईंचं बीपी १४६. उजव्या हाताची करंगळी हलली. करंगळीच, पण हलली!

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

गोवंडीची शकुमावशी. तिला मागच्या पावसाळ्यात झटका आला होता. जीभ अजून जड आहे, पण गप्पांची हौस दांडगी. चाळीस वर्षं मशेरी. "झटका आला त्या दिवशी पण लावलेली. आता सोडा म्हणता, पण ती लावल्याशिवाय पोटच साफ होत नाय बघा. घरात कुणी बोलत नाय माझ्याशी, तीच एक सोबत." मी तिला समजावलं, बीपी वाढतं, नसा आकसतात, एकदा होऊन गेलंय तर दुसऱ्यांदा जास्त भीती. सगळं नीट समजावलं. ऐकून घेतलं तिने.

मग म्हणाली, "तुम्ही लावता काय ओ ताई? त्याशिवाय इतका बरोबर प्रश्न नाय यायचा."

मी म्हटलं, "मावशी, आवाज कट होतोय." आणि ठेवला.

आवाज कट होत नव्हता.

मंगळवार, ४ मार्च

झालं. अठ्ठ्याहत्तरपैकी त्रेसष्ट जणी सापडल्या. लावणाऱ्या एकोणचाळीस. आधी चार होत्या! सर त्या आकड्याकडे इतका वेळ बघत होते की मला वाटलं काहीतरी चुकलं.

मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की फॉर्म बदलतोय, रकाना चौदा-अ, मशेरी, किती वर्षं, दिवसातून किती वेळा. पेपर सहा महिने पुढे गेला आणि माझं कॉन्ट्रॅक्टही सहा महिने पुढे. "ही चूक क्षमाताईंनी केली आणि त्यांनीच पकडली. पकडली नसती तर आपण सगळे चुकीचं छापून मोकळे झालो असतो." टाळ्या वाजल्या. मी टेबलाकडे बघत होते.

मग म्हणाले, "अजून एक. ज्या घरात एक बाई लावते, त्या घरात दुसरी कुणी लावते का, तेही विचारत जा." लिहून घेतलं.

रविवार, ९ मार्च

ऋताने आज स्वयंपाकघरात उभं राहून नाक वर केलं. "मम्मी, आजीने सोडून दीड महिना झाला ना? मग वास कुठून येतो अजून?"

"भिंतीत बसलाय."

"भिंतीत?"

"तीस वर्षांचा धूर आहे. जाईल हळूहळू." ती फोडणीसाठी हिंगाची डबी घ्यायला लागली तर मी केवढ्याने ओरडले! "त्यात हात घालू नकोस, दुसरं आणलंय हिंग." पोरगी बावरली. एवढ्याशा डबीवरून एवढं कशाला, असा तिचा चेहरा. जेवताना तिच्या ताटात जास्तीचं तूप वाढलं.

शनिवार, २२ मार्च

आई आज वॉकर धरून खाटेपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. अठरा पावलं, हर्षदने मोजली. दारात उभ्या राहिल्या, मी पोळ्या लाटत होते, आणि मागून आवाज आला — "गो."

दोन महिन्यांनी पहिला शब्द. "गो"! नाव नाही, पाणी नाही, देवाचंही नाही. मला हाक मारायचा शब्द. मी पिठाच्या हातांनीच त्यांना मिठी मारली. हर्षद बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला, पण घर लहान आहे, कळतं सगळं.

मशेरीची खूण त्या आता करत नाहीत. गेले तीन आठवडे नाही. माझ्यापेक्षा जिद्दीच्या निघाल्या.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी आईंनी डाव्या हाताने धरली, हर्षदने बांधली. कडुनिंबाचं पान सगळ्यांना दिलं. आईंनी तोंड वाकडं केलं आणि ते जरासंच वाकडं झालं, दोन्हीकडून सारखं!

खाली सोसायटीने फुकट बीपी तपासणी ठेवली होती. हर्षदने आईंना उचलून खाली नेलं. १३२. तपासणाऱ्या मुलीने शाबासकी दिली. हर्षद १२८. मी म्हटलं, मला वर जायचंय, श्रीखंड राहिलंय. आईंनी माझं मनगट पकडलं आणि टेबलावर ठेवलं. डाव्या हातात केवढी ताकद आलीय! १६४, खाली १०२. मी म्हटलं, जिना चढ-उतार झाली, शिवाय मशीनचा काय भरवसा? मुलीने पुन्हा घेतलं. १६२.

वर आल्यापासून आई काहीतरी विचार करतायत. जेवल्याही कमी.

सोमवार, ३१ मार्च

पहाटे साडेपाचला गॅलरीत मी एकटी. मागून वॉकरचा आवाज. आई. वॉकरच्या पिशवीत हिंगाची डबी. मशीनवर ठेवली, डाव्या अंगठ्याने झाकण उडवलं. त्यात हिंग कधीच नव्हतं.

ऋताच्या वेळी ओकाऱ्या थांबेनात, तेव्हा आईंनीच बोट पुढे केलं होतं. "थोडी हिरड्यांक लाव गो, बरा वाटतला." एकवीस वर्षं. गॅलरीत आम्ही दोघीही बोलायचो नाही ते दोघींच्याही तोंडात मशेरी असायची म्हणून. एकोणचाळीस जणींकडून वदवून घेतलं, या वहीला मात्र सांगितलं नाही.

त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. अपराध्यासारख्या उभ्या होत्या. माझ्या हनुवटीला धरलं, मग तळहात पालथा केला. "गो," म्हणाल्या. पुन्हा पालथा. "गो."

मी चूळ भरली. डबी त्यांनीच नळाखाली उपडी केली.

अकरा वाजता धवल सरांसमोर बसले. त्यांच्या हातात कोरा फॉर्म दिला. म्हटलं, आज तुम्ही विचारा.